कार्मेलाची घडी

"मादोन्ना गेली," फादर एजिदियो म्हणाले आणि मटकन बाकावर बसले. "रविवारी उत्सव आहे हो, ओलिंपियाबाई. काय तोंड दाखवू लोकांना?"

ओलिंपिया तालारिकोबाईंनी वर पाहिलं. वेदीमागचा मादोन्नाचा, म्हणजे मरियामातेच्या मूर्तीचा, कोनाडा रिकामा होता. बाई खाली कोझेन्झा शहरात खाजगी तपासाची कामं घेत. नवरा गेल्यापासून धाकटा दीर गास्पारे त्यांची गाडी चालवी. गडी मनाचा चांगला, पण डोक्यापेक्षा पोटाचं जास्त ऐकायचा.

"सापडेल की दुसरी," गास्पारे म्हणाला. "मूर्ती काय, करून घेता येते."

फादरनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभच चावली.

डोंगरावरच्या रोक्कासोला गावात आता मोजकी म्हातारी माणसं उरली होती. बाकीचे तोरिनोला, जर्मनीत, आर्जेन्टिनात. वर्षातून एकदा, या दुःखी मातेच्या उत्सवाला, घाटातून गाड्या वर येत, बंद खिडक्या उघडत. ओसाड गावात एवढी जुनी मूर्ती कशाला, ती शहरात आणून ठेवा, असं बिशपांच्या कचेरीतून आधीच दोनदा सुचवून झालं होतं. चोरीची बातमी खाली पोचली की मूर्ती सापडूनही गावाला परत मिळणार नव्हती. आणि मूर्ती नाही तर उत्सव नाही, उत्सव नाही तर वर कोण येतंय?

"म्हणून पोलिसांना कळवलं नाही," फादर म्हणाले. "पण सगळे नुन्त्सियाताकडे बोट दाखवताहेत. चर्चची किल्ली तिच्याकडे असते."

नुन्त्सियाता पाद्र्यांच्या कपड्यांच्या खोलीत डोळे पुसत बसली होती. मादोन्नाला कपडे नेसवायचं काम यंदाच तिच्याकडे आलं होतं.

"किल्ली दारामागे खिळ्याला टांगलेली," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. माझं दार कधी बंद असतं का?"

टेबलावर उत्सवाचा निळा, जरीचा झगा होता. चोरानं तो मूर्तीच्या अंगावरून उतरवून, घडीत पातळ कागद घालून वेदीवर ठेवला होता. पेटीतला काळा झगा मात्र गायब होता. तो मादोन्ना ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात घालायची, मुलगा येशू गेल्याच्या दुखवट्यात.

"ही घडी तुमची?" ओलिंपियाबाईंनी विचारलं.

नुन्त्सियातानं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "माझी नव्हे, बाई! बाह्या अशा छातीवर फुली करून आत घ्यायच्या, ही कार्मेलाची घडी. उभा जन्म तीच या मादोन्ना आईला नेसवायची. गेल्या महिन्यात वारली. मी तेव्हा तोरिनोला, लेकीच्या बाळंतपणाला." तिचा आवाज खाली गेला. "तीच येऊन घेऊन गेली. मी नीट नेसवलं नाही ना, म्हणून."

"तिनं तुम्हाला शिकवलं नाही?"

"छे! कुणाला आत घेईल तर शपथ. शेवटी शेवटी बोटं अशी वाकडी झाली होती, कॉफीचा कप धरवत नव्हता. पण नवऱ्याला पहाऱ्याला घेऊन जायची, दार लावून घ्यायची, आणि आई बाहेर यायची ती चुणी न् चुणी जागच्या जागी. चमत्कारच म्हणा."

"पुरुष कधी आत येत?"

"अगंबाई! आईला कपड्यांविना पुरुषानं बघायचं? गावातल्या एकाही पुरुषाला माहीत नाही झग्याच्या आत काय आहे ते. माझा नवरा मेला, तोसुद्धा आई नखशिखांत लाकडाची, असं समजूनच."

"म्हणजे भुतानं नेली," गास्पारे बाहेर येताच म्हणाला. "वहिनी, परत जाऊ या. वाटेत जेवू."

"आधी वरच्या घरात."

वरचं घर कोर्रादो सान्तेलियाचं. जुन्या वस्तूंचा हा व्यापारी उन्हाळ्यात राहायला आला होता. दारातच द्राक्षं खात उभा होता.

"या, या. गावात परका मी एकटाच, तेव्हा चोरही मीच, नाही का?" तो हसला. "बाई, तो निळा झगा पाहिलात? तसलं जरीकाम आता कुणी करत नाही. मी तो टाकून मूर्ती नेईन? मूर्तीला कुत्रं विचारत नाही बाजारात. चोर म्हणा, पण गाढव म्हणू नका."

शेवटचं घर कार्मेलाच्या नवऱ्याचं. साव्हेरिओ खुर्च्यांना वेत विणून द्यायचा. दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्यांवर धूळ होती, फक्त टोकाच्या दोन स्वच्छ होत्या. टेबलावर शिळा पाव, चीजचा तुकडा, अर्धा टोमॅटो. आतल्या खोलीचं दार लावलेलं.

गास्पारेनं आशेनं हुंगलं. "आजोबा, घोटभर कॉफी मिळेल?"

"चूल पेटवलेली नाही," साव्हेरिओ म्हणाला.

गास्पारेचं तोंड उतरलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "चोर बरेच असणार, नाही? मिरवणुकीत तिला उचलायला चौघं लागतात."

"चौघं लागतात ती खालच्या ओट्याला. ती बिचारी पोरीएवढी हलकी. कमरेखाली नुसत्या काठ्या आहेत." म्हातारा घाईघाईनं हातातला वेत उलगडू लागला.

ओलिंपियाबाई हळूच म्हणाल्या, "कार्मेला गेल्या तेव्हा कोण होतं, साव्हेरिओदादा?"

"फादर होते. पुरलं आम्ही तिला. मग त्यांना दुसऱ्या गावी मिस्सेची प्रार्थना होती."

"नंतर?"

"नंतर काय? हे," असं म्हणून त्यानं खुर्च्यांकडे हात केला.

रस्त्यावर येताच गास्पारे फणफणला. "कंजूष म्हातारा! दारी आलेल्याला कॉफी नाही!"

ओलिंपियाबाई चर्चच्या दिशेनं चालू लागल्या. त्यांचे डोळे भरले होते.

चर्चमध्ये फादर आणि नुन्त्सियाता वाट पाहत होते.

"चोरानं जरीचा झगा टाकला आणि दुखवट्याचा झगा नेला," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्याला पैसा नको होता. त्याला दुःख करणारी आई हवी होती. घडी कार्मेलाची, पण कार्मेलाची बोटं तर केव्हाच निकामी झाली होती. मग टाचण्या कोण लावत होतं, नुन्त्सियाताबाई? दार बंद झाल्यावर आत आणखी कोण असायचं?"

"नवरा तर बाहेर पहाऱ्याला..." नुन्त्सियाताचा हात तोंडावर गेला. "अरे देवा!"

"तुम्हीच म्हणालात, आत काय आहे ते गावातल्या एकाही पुरुषाला माहीत नाही. साव्हेरिओला माहीत आहे. कमरेखाली काठ्या, म्हणाला. बायकोचं नाव जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं त्यानंच मादोन्नाला नेसवलं, आणि कुणाला कळू दिलं नाही."

"पण चोरली कशाला?" गास्पारेनं विचारलं.

"तुला कॉफी का नाही मिळाली? दुखवट्याच्या घरात चूल कोण पेटवतं, फादर?"

फादर पुटपुटले, "कुणी नाही. शेजारी जेवण आणतात. सोबतीला बसतात."

"त्यानं खुर्च्या मांडल्या आणि वाट पाहिली. महिनाभर कुणी आलं नाही. कोण येणार? शेवटी जी येऊ शकत होती, तिला तो स्वतः उचलून घेऊन आला. दोनच खुर्च्यांवर धूळ नव्हती. एक त्याची, दुसरीला टेकवलेली ती." त्यांनी नजर रिकाम्या कोनाड्याकडे वळवली. त्यांचं स्वतःचं घर कोझेन्झात होतं, आणि तिथंही एकच खुर्ची वापरात होती.

फादरनी मान खाली घातली. "मी घाईत निघून गेलो," ते म्हणाले. नुन्त्सियाता उठली आणि घरी गेली.

थोड्या वेळानं सगळे साव्हेरिओच्या दारात आले. पुढे नुन्त्सियाता, हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, मागे पाव आणि वाइनची बाटली सांभाळत गास्पारे, आणि या खेपेला त्यानं कशालाही तोंड लावलं नव्हतं. कोर्रादोसुद्धा द्राक्षं घेऊन आला.

म्हाताऱ्यानं पातेल्याकडे पाहिलं आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. मग उठून त्यानं आतलं दार उघडलं. काळ्या झग्यातली मादोन्ना पलंगाच्या कडेला टेकून उभी होती.

नुन्त्सियातानं खुर्च्या पुसल्या. सगळे बसले, जेवले, कार्मेलाविषयी बोलले. ती किती फटकळ होती, ते आठवून साव्हेरिओ हसलाही.

मग नुन्त्सियातानं सोबत आणलेला निळा झगा बाहेर काढला आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चला, आईला नेसवायचंय. पुरुष सगळे बाहेर!"

फादर उठले, कोर्रादो उठला, गास्पारे उठला. साव्हेरिओही काठी शोधू लागला.

"तुम्ही कुठं निघालात?" ती खेकसली. "बसा तिथंच. मला त्या चुण्या जमत नाहीत."