देवमाशाच्या शेपटीखाली

गाडीतून उतरल्यावर आई पहिल्यांदा काय करणार, हे टिल्लूला पाठ होतं. पिशव्या खाली ठेवायच्या, लेकीची हनुवटी दोन बोटांनी वर उचलायची आणि खालून अंगठा हलकेच फिरवायचा. इतर आया गळ्यात पडतात, या बाईचं आपलं हे असं. टिल्लू एकतीस वर्षांची होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली चार माणसं होती आणि घरी साडेतीन वर्षांची ठकी होती. तरी आईचा अंगठा आला की ती मान वर करून शहाण्यासारखी उभी राहायची.

"खूण म्हणून उरली नाही बघ," आई दर वेळी म्हणायची.

"उरली असती तर जावई पळून गेले असते," बाबा दर वेळी म्हणायचे.

पाच वर्षांची असताना टिल्लू बाबांच्या सायकलवरून पडली होती. तीन टाके पडले होते म्हणे. डॉक्टरांचा हात हलका होता म्हणून व्रण राहिला नाही, असं घरात ठरून गेलं होतं. टिल्लूला ना सायकल आठवत होती, ना टाके.

या खेपेला तिच्या मनात एक बेत होता. मागच्या वर्षी बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले आणि तिला ते कळायला दोन दिवस लागले. तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मालकाला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. आईबाबांनी कायमचं इकडे यावं, म्हणून तिने चार दिवसांची रजा काढली होती. गोडीगुलाबीने शहर दाखवायचं, मग विचारायचं.

पण आईचं मन कशातच लागेना. मनोऱ्यावर नेलं तर ती कठड्याशी न जाता जिन्याच्या दाराशीच उभी राहिली. तळ्यावर नावेत बसवलं तर किनाऱ्याकडे तोंड करून बसली. पाच-पाच मिनिटांनी हाताची बोटं मिटत मोजायची, "ठकी, टिल्लू, हे, मी." मग मागे वळून पाहायची, कुणीतरी मागे राहिल्यासारखी.

"आई, आपण चारच आहोत गं."

"हो. चारच." आणि पुन्हा मोजायची.

खोल्या पाहिल्या तेव्हा तिने नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, आणि म्हणाली, "जागा लाख चांगली आहे गं. पण या शहरात नको."

"शहरानं तुझं काय घोडं मारलंय?"

आईने खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी बागेतलं काचघर बंद निघालं. ऊन रणरणत होतं, ठकीची कुरकुर सुरू झाली होती. बागेच्या समोरच जुनं वस्तुसंग्रहालय होतं, आणि त्याच्या भिंतीवर देवमाशाच्या सांगाड्याचं हे मोठं चित्र होतं. ठकीने ते पाहिलं आणि संपलंच.

"मासा बघायचा. हाडांचा मासा."

"हाडं काय बघायची? घरी जाऊ," आई म्हणाली. बाबांनी घड्याळ पाहिलं. बाबा आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या सोडत आलेले. अडचण आली की घड्याळ बघायचे.

टिल्लूला हसू आलं. "अगं आई, मी इथेच हरवले होते ना? अजून धसका घेऊन बसलीयस?"

ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. तेव्हा बाबांचं या शहरात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, म्हणून सगळे आले होते. घरचा नियम ठरलेला होता. चुकामूक झाली तर जिथे शेवटचं सगळे एकत्र होतो तिथे जाऊन उभं राहायचं, हलायचं नाही, कुणी बोलावलं तरी जायचं नाही. त्या दिवशी ती जागा होती देवमाशाच्या शेपटीखाली.

"आणि आम्ही वरखाली शोधतोय," बाबा बाकावर टेकत नेहमीच्या लयीत सांगू लागले, "तर ही बया बाहेर पायऱ्यांवर पाय हलवत बसलेली! कुणाचं ऐकेल तर शपथ."

"त्याआधी ऐकायची," आई म्हणाली. "त्याआधी फार ऐकायची."

"आता झालं ना पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी."

"तुम्ही शेपटीखाली बघितलं होतंत?"

बाबांची लय तुटली. "मी बाहेर होतो. आत तू होतीस."

"मी वरच्या मजल्यावरून खाली येत होते. शेपटीकडेच निघाले होते. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत, सापडली म्हणून."

"पाच दहाची गाडी होती," बाबा म्हणाले. "धावत गेलो तेव्हा कुठे मिळाली."

"म्हणजे कुणीच बघितलं नाही."

"सापडल्यावर कोण बघत बसतं?" टिल्लू म्हणाली आणि ठकीला कडेवर घेऊन तिकिटाच्या खिडकीकडे निघाली.

आत गार होतं. फिनेल आणि जुन्या लाकडाचा वास होता. दालन आगगाडीच्या डब्याएवढं लांब, खाली काळ्या-पांढऱ्या फरश्या, आणि वर तारांना टांगलेला तो सांगाडा. जबडा दाराकडे होता. फासळ्यांमधून धूळ उतरताना दिसत होती. मधला एक दिवा सारखा गुणगुणत होता. रविवार नसल्याने गर्दी नव्हती. एक जोडपं बाहेर पडत होतं, आणि स्टुलावर शिपाई डुलक्या काढत होता.

पार टोकाला, शेपटीखाली, एक मुलगी उभी होती.

सहलीतली असेल, असं टिल्लूला वाटलं. पण सहल कुठे दिसेना. मुलगी पाचेक वर्षांची, दोन वेण्या, खिशांचा निळा फ्रॉक. हात अंगाशी घट्ट. दोन्ही पाय एकाच पांढऱ्या फरशीत बसवलेले.

टिल्लूने मागे पाहिलं. आई दाराच्या आतच थांबली होती. बाबांनी पुढे होऊन ठकीला तिच्या कडेवरून काढून घेतलं.

"चला, गाडीची वेळ झाली."

"कुठली गाडी, बाबा?"

ते ठकीला घेऊन बाहेर निघूनही गेले. ठकी मागे वळून माशाला हात हलवत राहिली.

टिल्लू शिपायाकडे गेली. "अहो, ती मुलगी एकटीच आहे."

त्याने डोळे उघडून तिकडे पाहिलं. "ती होय? तिला न्यायला येणारेत तिच्या घरचे."

"कधीपासून आहे?"

"माझी सकाळची पाळी. मी आलो तेव्हा होतीच. दुपारच्याला विचारा."

"म्हणजे सकाळपासून?"

"पाळी बदलताना आम्ही सांगतो ना एकमेकांना, शेपटीखाली एक आहे म्हणून." त्याने हाताने मान चोळली. "मला माझ्या आधीच्याने सांगितलं होतं. तो निवृत्त झाला. त्रास नाही हो तिचा काही."

टिल्लू दालनाच्या टोकापर्यंत चालत गेली. तिच्या चपलांचा तेवढा आवाज होत होता.

"बाळा, कुणाबरोबर आलीस?"

"मला हलायचं नाहीये," मुलगी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

बोलताना तिने मान वर केली. हनुवटीखाली तीन टाके होते. काळा दोरा अजून तसाच होता, कडेला औषधाचा पिवळा डाग.

टिल्लूचा हात आपोआप आपल्या हनुवटीकडे गेला. गुळगुळीत.

मुलगी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. रागाने नाही. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की पाहतो तशी.

"तू पायऱ्यांवर जाऊन बसलीस," ती म्हणाली.

मागून पावलं आली. आई टिल्लूच्या बाजूने, तिला न पाहता, पुढे गेली. गुडघे दुखणारी बाई फरशीवर सरळ खाली बसली.

तिने दोन बोटांनी त्या मुलीची हनुवटी उचलली. खालून अंगठा हलकेच फिरवला.

या वेळी अंगठा थांबला.

"दुखतंय?"

"आता नाही."

आईने तिची सुटलेली रिबीन बांधली. कॉलर सारखी केली. मग उठली.

"थांब हं. इथेच थांब. मी येते."

मुलीने मान डोलावली. तिला थांबायची सवय होती.

"आई, कोण आहे ती?"

"आहे कुणाची तरी," आई म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर बाबा घड्याळ पाहत बसले होते. ठकी शेजारी पाय हलवत होती. टिल्लूने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि डाव्या कानामागचे केस बाजूला केले. जन्मापासूनचा तीळ होता. तिने पुन्हा पाहिलं. होता.

"गुदगुल्या होतात आई," ठकी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आईने बोटांवर मोजलं नाही. घर जवळ आल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "त्या खोल्या घेऊन टाक. आम्ही येतो राहायला."

चार दिवस जे वाक्य ऐकायला टिल्लू तरसली होती, ते हेच.

महिन्याभरात सामान आलं. बाबांची औषधं आता टिल्लूच्या नजरेसमोर होती. ठकीला दुपारी आजोबा होते. सगळं तिला हवं तसं झालं. प्रयोगशाळेत तिचाच नियम होता की नळीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळलं नाही तर नमुना परत पाठवायचा. आपल्या रक्ताची एक नळी आणि आईच्या रक्ताची एक, नातं जुळतं का ते पाहायला कुठे पाठवायच्या हे तिला ठाऊक होतं. तिने नाही पाठवल्या.

आई रोज सकाळी साडेनऊला फिरायला जाते. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, दोन चमचे. दुपारी येते तेव्हा चेहरा उजळलेला असतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्या दिवशी ती घरातल्या घरात येरझाऱ्या घालते आणि बाबा तिला घड्याळ बघून सांगतात, "होईल मंगळवार."

टिल्लू कामावर निघताना रोज समोरच्या दाराशी थांबते. आई डबा भरत असते. टिल्लू उगाच रेंगाळते, पर्स शोधते, मग लहानपणीसारखी मान किंचित वर करून उभी राहते.

"काही हवंय का गं तुला?" आई विचारते, पाहुणीला विचारावं तशी, आणि डब्याचं झाकण लावते.