निलूचा दगड

आमच्या गावामागचा डोंगर राखीव जंगलातला सगळ्यात उंच. वनखात्यानं पायथ्याच्या पाटीवरचं 'मैसूर' खोडून 'कर्नाटक' रंगवलं आणि माथ्यावर लोखंडी मनोराही उभारला. मी नववीत, तालुक्यात धावण्यात पहिली आलेले. मनोऱ्यावर चढले नाही तर ते बक्षीस काय कामाचं?

सोबत शेजारची निलम्मा. तिची आई, ईरम्माकाकू, तिला गल्लीबाहेरही सोडत नाहीत. मीच छाती ठोकून सांगितलं, दिवेलागणीच्या आत आणून सोडते. काकू म्हणाल्या, "विशाखा, तुझ्या भरवशावर धाडायले बघ."

पायथ्याशी गार्ड निंगप्पा बिडी ओढत बसला होता. वर जाणाऱ्यानं खालचा एक दगड न्यायचा आणि माथ्यावरच्या ढिगात ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. दगड माणसाच्या जागी वर राहतो, मग डोंगर माणसाला खाली सोडतो. निलूनं मुठीत मावेल असा एक निवडला. मी नाही घेतला. आमचे दादा म्हणतात, कारण विचारल्याशिवाय काही मानायचं नाही.

"घे की पोरी, वजन काय लागायलंय," निंगप्पा म्हणाला.

"माझ्या जागी मीच जायले की, अप्पा."

तो हसला नाही.

निम्म्या वाटेवर चप्पल फोडून निलूच्या टाचेत काटा गेला. मी काढला. रक्त थांबेना म्हणून वेणीची लाल फीत सोडून करकचून बांधली. ती लंगडत, मला शिव्या घालत वर आली.

माथ्यावर वारा नव्हता. खाली सागाची पानं सळसळत होती आणि इथं गवताचं पातंही हलत नव्हतं. मनोऱ्यावरून मी जोरात हाक मारली. आवाज पुढं गेलाच नाही, तोंडापाशीच विरला.

उतरून आले तर निलू ढिगापाशी. हात झटकत म्हणाली, "ठेवला. तुझ्या नावानं."

"आणि तुझा?"

"मला काय, तू हाईस की न्यायला."

उतरताना मी पुढं. मागून तिचं लंगडणं ऐकू येत होतं, एक पाय घासत. मोठ्या कातळाच्या वळणावर ते थांबलं. वळून पाहिलं तर निलू माझ्या अगदी पाठीशी, सरळ चालत.

"दुखायचं थांबलं का गं?"

"व्हय."

एवढंच. दिवसभर तोंड न मिटणारी निलू. घाम नाही, धाप नाही. निंगप्पानं आम्हाला येताना पाहिलं, बिडी विझवली आणि पाठ फिरवून बसला.

दिवे लागायच्या आत पोचलो. काकूंनी लेकीच्या पायावर पाणी घातलं. मी वाकून पाहिलं. टाच कोरी, खरचटलेलंसुद्धा नाही. फीतही नव्हती.

काकूंनी माझी पाठ थोपटली. "शब्द पाळलीस गं."

डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच काकूंच्या अंगणातला एक दगड उचलला आणि डोंगर चढले. निंगप्पा वाटेतून बाजूला झाला.

माथ्यावर कोणी नव्हतं. निलूच्या दगडाशेजारी लाल फीत पडली होती. माझ्या हातची गाठ तशीच, न सुटलेली. आत टाचेएवढी पोकळी.

मी दगड ठेवला. म्हणाले, "हा निलूच्या नावानं."

फीत उचलली. ओली होती. कोमट.

उतरायला लागले. कातळाच्या वळणावर मागून लंगडणं ऐकू आलं. एक पाय घासत. मी वळले नाही.

गल्लीपर्यंत ते मागं होतं.

ओट्यावर निलू केस विंचरत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या मागं पाहिलं.

मग फणी ठेवून उठली, आत गेली आणि दाराला कडी लावली.