जिथे शेवाळ असेल, तिथे

बस गच्च भरली होती, तरी त्या तरुणाशेजारची जागा रिकामी होती. कारण उघड होतं. त्याच्या कपड्यांना कुजलेल्या शेवाळाचा वास होता आणि गुडघ्यांमध्ये लांब दांड्याचं दाताळं उभं होतं. लिगिया क्षणभर घुटमळली. आठवड्यातून फक्त मंगळवारी तिला सुट्टी मिळे. बाकी सहा दिवस हॉटेलच्या धुलाईघरात उभ्याने चादरींच्या घड्या घालायच्या. पाय भरून आले होते. ती बसली.

"कुठे?" त्याने खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"डेल्फिनेस."

"जाऊ नका."

"का?"

"मी तिथेच चाललोय."

तिने हसू दाबलं. "एवढ्यावरून कुणी समुद्र सोडतं का?"

"आज सोडावा," तो म्हणाला, आणि मग वळून समजावू लागला. वारा आग्नेयेचा आहे, रात्रभरात सगळं शेवाळ पूर्वेच्या किनाऱ्यांवर येऊन पडलंय; उत्तरेकडे तोंड असलेले किनारे नितळ आहेत, तोर्तुगासला उतरा. सकाळचं पत्रक बघितलं नाही का?

कान्कुनमध्ये लोक कॉफीच्या आधी फोनवर ते पत्रक बघतात. प्रत्येक किनाऱ्यापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे खुशाल या, पिवळा म्हणजे चालवून घ्या, लाल म्हणजे नाक धरून परत जा. लिगियाने बघितलं नव्हतं. पण म्हणून कुणा परक्याच्या सांगण्यावरून उतरायचं? तोर्तुगासचा थांबा आला आणि गेला. ती हट्टाने बसून राहिली. त्याने दाताळं जरा आपल्याकडे ओढून घेतलं, तिच्या झग्याला लागू नये म्हणून.

अठराव्या किलोमीटरला, डेल्फिनेसच्या थांब्यावर, दोघं उतरले. खाली पाण्याऐवजी तपकिरी गालिचा हलत होता. लिगिया वाळूवर बसली आणि आपल्याच हट्टाचा तिला राग आला. तो त्याच्या टोळीत मिसळला. वीसेक माणसं, ढकलगाड्या, दाताळी. तासाभराने तो तिच्या समोरच्या पाण्यात उतरला आणि दाताळ्याने ओढू लागला. शेवाळ बाजूला सरलं, आणि मध्ये निळं पाणी उघडं पडलं… बरोबर एका चादरीएवढं.

"पाय बुडवा पटकन," तो म्हणाला. "दहा मिनिटं टिकेल."

तिने बुडवले. कोमट पाणी घोट्यांवर चढलं. तो दाताळ्यावर हनुवटी टेकून समुद्राकडे बघत होता, म्हणजे तसं दाखवत होता.

"सांगितलं होतं म्हणा की एकदाचं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं."

त्याचं नाव एर्मिलो.

पुढच्या मंगळवारी लिगियाने पत्रक बघितलं आणि लाल ठिपक्याचा किनारा शोधला. टोळी रोज जिथे शेवाळ पडेल तिथे जाई, हे तिला कळलं होतं. त्या दिवशी मार्लिन लाल होता. ती गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चाक मूलच्या किनाऱ्यावर. टोळीचा मुकादम कास्तुलो म्हातारा होता आणि जिभेला हाड नव्हतं. सगळी दुनिया या वासापासून पळते आणि ही पोरगी बस बदलून त्याच्याकडे येते, हिचं नाक तपासून घ्या, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे. एर्मिलोचे कान लाल होत.

त्या तिसऱ्या मंगळवारी निघताना त्याने तिचा नंबर मागितला. द्यायचा होता. अगदी ओठांवर होता. पण टोळीतले सगळे कान टवकारून उभे होते, आणि लिगियाला काय वाटलं कोण जाणे—

"नंबर कशाला?" ती म्हणाली. "समुद्र जिथे स्वच्छ असतो, तिथे मी असते. शोध."

"आणि तो जिथे घाण असतो, तिथे मी. तूच शोध."

सहा दिवस तिने स्वतःला बोल लावले. साधे दहा आकडे, तेवढे तोंडातून निघू नयेत? चादरीच्या टोकाला टोक जुळेना.

त्यात सोमवारी धुलाईघराच्या प्रमुख दोन्या सोकोरोंनी, म्हणजे सोकोरोबाईंनी, तिला बोलावलं. कंपनीचं नवं हॉटेल लोस काबोसला निघतंय, देशाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या महासागरावर. तिथलं धुलाईघर सांभाळायला त्यांनी लिगियाचं नाव सुचवलं होतं. उद्या संध्याकाळी सहाच्या आत हो किंवा नाही कळव, म्हणाल्या. आणि जाता जाता, खुशीत, तिथे शेवाळाचा मागमूस नाही हेही सांगितलं.

रात्री तिला झोप लागली नाही. जायचं असेल तर जावं, पण त्याला न सांगता? आणि सांगायचं तरी काय? चादरीएवढ्या पाण्यासाठी कुणी नोकरी सोडतं का? एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं की कळेल, एवढंच तिला वाटत होतं.

मंगळवारी डेल्फिनेस लाल होता. दुपारी ती तिथे पोचली. ढकलगाड्या होत्या, माणसं होती, एर्मिलो नव्हता.

कास्तुलोने आधी कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, दोन वर्षांत पहिल्यांदा सुट्टी घेतलीय त्याने. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, मला विचारतो, मास्तर, आज हिरवा कुठला? मी सांगितलं, लांगोस्ता. तू तिथे असणार म्हणाला. आणि तू इथे."

लिगियाने परतीची बस धरली. चालकाने गाणी लावली होती, बस प्रत्येक थांब्याला रेंगाळत होती, चढणारे टोप्या, छत्र्या, फुगवलेली कासवं घेऊन चढत होते. खिडकीतून एकामागून एक हॉटेलं सरकत होती. समुद्र त्यांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने दिसे आणि पुन्हा लपे. तिचा पाय आपोआप हलत होता.

लांगोस्तावर तिने विचारलं तेव्हा नारळवाली म्हणाली, आला होता तुझा पांढरा शर्टवाला. छत्रीछत्रीखाली वाकून बायकांची तोंडं बघत होता. एका आईने चप्पल उगारली तेव्हा पळाला. तोर्तुगासकडे गेला बहुतेक. नाहीतर कराकोलला.

ती कराकोलला गेली. दोन हॉटेलांमधल्या बोळातून धावत वाळूवर आली. नव्हता. चार वाजून गेले होते. पुन्हा बोळ, पुन्हा थांबा, पुन्हा बस. तेवढ्यात खिडकीतून आत येणारा वारा बदलल्याचं तिला जाणवलं. आता तो उत्तरेचा होता, गार, पावसाचा वास घेऊन आलेला. माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या.

तोर्तुगासवर लोक आवराआवर करत होते. सकाळचा हिरवा किनारा बघता बघता तपकिरी होत होता; वाऱ्याने शेवाळ आत लोटलं होतं आणि तो ओळखीचा वास सुटला होता. लिगियाने आयुष्यात पहिल्यांदा तो छाती भरून घेतला. सगळे पाण्याबाहेर येत होते. एकच माणूस आत होता… पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पांढरा शर्ट कमरेपर्यंत भिजलेला, हातात कुणाची तरी मोडकी छत्री उलटी धरून तो शेवाळ ओढत होता.

"आज सुट्टी आहे ना तुझी?" ती काठावरून म्हणाली.

तो वळला. 

"बघवेना," तो म्हणाला. "तू आलीस आणि पाणी असं असलं तर… म्हणून."

"मी डेल्फिनेसला होते. तुला शोधत."

"तिथे तर लाल आहे."

"म्हणूनच."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. लिगियाने लोस काबोसचं सांगितलं. दुसरा महासागर, सहाची वेळ, सगळं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. लाटेने एक शेवाळाचा पुंजका आणून तिच्या पायावर टाकला.

"तिथे शेवाळ नाही म्हणतात," एर्मिलो म्हणाला.

"नाही."

"मग तिथे माझ्याजोगतं काम नाही." त्याने छत्रीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पण मी काचा पुसू शकतो. बागेत… म्हणजे, शिकेन. तू जायचं ठरवलंस तर. मला एकट्याने सुट्टी घालवता येत नाही हे आज कळलं. तू जा म्हणालीस तर इथेच राहीन, पण ये म्हणालीस तर—" 

तिला जे बघायचं होतं ते दिसलं. दिवसभर आत चाललेली ती तगमग एकदम थांबली, बस थांब्यावर टेकावी तशी.

तिने पिशवीतून फोन काढला. सहाला वीस मिनिटं होती. दोन्या सोकोरोंना तिने सांगितलं की आभार, पण नाही जमणार. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. लिगिया नुसतं हो दोन्या, कळतंय दोन्या म्हणत राहिली. शेवटी कारण विचारलं गेलं.

"इथला समुद्र अजून साफ व्हायचाय, दोन्या."

फोन ठेवून तिने चपला काढल्या, झगा एका हाताने वर धरला आणि पाण्यात उतरली. छत्रीचं दुसरं टोक तिने पकडलं. चादर ओढताना ओढतात तसं, दोघांनी मिळून.

"एवढं मोठं पाणी मोकळं करायला नको," एर्मिलो म्हणाला, "टिकणार नाही."

"नंबर लिहून घे आधी," लिगिया म्हणाली. "मग टिको न टिको."