बोडीतली साक्ष

आमची बोडी केशोरीच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताले. बोडी म्हनजे धानाले पानी द्याचा लहान तलाव. तिच्यात गाळ इतका भरला होता का दिवाळीपर्यंतही पानी पुरत नव्हतं. म्हनून या उन्हाळ्यात दादानं ती खोल कराचं काढलं. दुलीचंदची जेसीबी खने आनि मी ट्रॅक्टरनं गाळ बांधीत, आमच्या धानाच्या वावरात, नेऊन टाको. नववीतून शाळा सोडली तेव्हापासून ट्रॅक्टर माझ्याच हातात हाये.

खनताना मधात मातीचा एक खांब सोडतेत. त्याले साक्ष म्हनतेत. किती खोल खनलं ते त्याच्यावरून मोजतेत, म्हनून मोजनीचे सरकारी साहेब येऊन मोजेपर्यंत त्याले कोनी हात लावत नाही. आमच्या साक्षेच्या डोक्यावर जुनं गवत तसंच उभं होतं. भवताल सारा खड्डा.

दादाची पोरगी चेतना पाच वर्साची. हिवाळ्यात तिले ताप आला. ताप उतरला, पन बोलनं गेलं. गोंदियाले दाखवलं, नागपुरले दाखवलं. कान चांगले, गळा चांगला, असंच सारे सांगत. ओमेश्वरी वयनी तिले भरवताना दर घासाले थांबे, का आता तरी पोट्टी काही म्हनन. काहीच नाही म्हने. मंग वयनी पुढचा घास करे.

चेतना दिवसभर खडे खेळे. घरात नवीन टाइल बसवली तेव्हा तुकडे उरले होते, पांढरे, निळ्या फुलाचे. त्याचे पाच तुकडे तिनं दगडावर घासून गोल केले होते. एक वर फेकाचा आनि तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलाचे. मांडाची तिची आपली तऱ्हा होती. तीन एका रांगेत, चौथा जरासा दूर, कोनी रुसून बसल्यासारखा. हे तिले कोनी शिकवलं नव्हतं.

खड्डा खोल गेला तशी साक्ष उंच दिसू लागली आनि तिच्या अंगावर थर दिसू लागले. वर गुटक्याच्या पुड्या, खताच्या पोत्याचा दोरा. त्याच्या खाली जळका कोळसा. मंग खापरं. मंग लोखंडाची जळकी, जड ढेकळं. मंग नखाएवढ्या दगडाच्या चिपा, त्यातल्या एकीनं माझं बोट कापलं. सर्वात खाली राखेसारखी करडी चिकनमाती, इतकी टनक का जेसीबीचे दातही तिच्यावर घसरत.

मले शाळेतलं काही आठवत नाही, पन डोळे चांगले हायेत. कोळशाच्या थरात मले चार गोल खडे दिसले. तीन रांगेत, चौथा जरासा दूर.

खाली खापराच्या थरात चार गोल खापऱ्या. तशाच.

चिपांच्या थरातही चार. मी दुलीचंदले दाखवलं तं तो म्हने, "अरे, पत्थर है, और क्या," आनि बिडी पेटवली.

गावात गोष्ट गेली तसे इतिहासाचे दुर्गाप्रसाद सर मोटरसायकलवर आले. याच सरानं मले वर्गाबाहेर काढलं होतं, अन् मी मंग गेलोच नाही. त्यायनं साक्षेभवती फेऱ्या मारल्या. कोळसा छोट्या लाइनच्या आगगाडीचा, म्हने. खापरं राजे होते तेव्हाची. ढेकळं मानूस लोखंड गाळाले शिकला तेव्हाची, चिपा त्याच्याही आधीच्या. आनि करडी माती बर्फाच्या युगातली. इथं बर्फ नव्हता आला, पन वारा थंड अन् कोरडा असे, मानसं नदीच्या काठानं शेकत बसत. सारी मानूसजात या एका खांबात हाये, म्हने.

"वर्गात तं एवढं नव्हतं सांगतलं," मी म्हनलो.

"तू बसला असता तं सांगतलं असतं."

मी त्यायले खडे दाखवले. सरानं चष्मा पुसून पाह्यलं. पोरं तं सगळ्याच काळात खेळतेत, म्हने.

"पन पाचवा कोठी हाये?"

"हरवला असंन."

"सगळ्यायचाच?"

करड्या मातीतही खाली चार गारगोट्या होत्या. त्याच्यावर सरानं टॉर्च मारला, मंग बंद केला. फोटो काढतो म्हनाले होते, तो नाही काढला. मोटरसायकल त्यायनं रस्त्यापर्यंत ढकलतच नेली.

त्याच हप्त्यात वयनी भाकरी घेऊन आली तशी चेतना पाळीवरून, म्हनजे बोडीच्या बांधावरून, उतरून साक्षेपाशी जाऊन बसली आनि खडे मांडले. मी ट्रॅक्टरवरून पाहून राहिलो होतो. तिचे ओठ हालत होते.

वयनीच्या हातातली भाकर पडली. ते धावत खाली गेली. चेतनाच्या तोंडातून आवाज येत होता, बारीक. बोल समजत नव्हते. आमच्या घरचे बोल नव्हते ते. पन आवाज तिचाच होता.

तेव्हापासून वयनी तिले रोज आनू लागली. पोट्टी बोले, थांबे, मान हालवे, मंग पुन्हा बोले. सामने साक्ष. दुसरं कोनी नाही. आनि वयनी पाळीवर बसून पदरात तोंड खुपसून रडे, खुशीनं.

मी खाली गेलो का माझ्या अंगावर काटा येई. वर ऊन असं का ट्रॅक्टरच्या चाकाले हात लावता येत नव्हता. खाली साक्षेपाशी चेतनाच्या तोंडातून वाफ निघे. बोलली का निघे, ऐकत बसली का नाही.

मी दादाले म्हनलो, साक्ष पाडून टाकू, मोजनी गेली चुलीत. दादा काही म्हनायच्या आधी वयनी उठली.

"तिच्या तोंडातून आवाज येऊन राहिला भाऊजी. साक्षेले हात लावू नोका."

मी ट्रॅक्टरच्या टायरले लात मारली. आनखी काय करतो मी?

मंग साहेब आले, टेप लावून मोजून गेले. आता साक्ष ठेवाचं काही कारन नव्हतं आनि पावसाच्या आधी बोडी मोकळी कराचीच होती. दुलीचंदनं मशीन चालू केली. वयनी पाळीवर उभी होती. नाही म्हनली नाही, हो म्हनली नाही. चेतना साक्षेच्या बुडाशी बसलेली. दादानं आवाज देला, तिनं पाह्यलं नाही.

मी उचलाले खाली गेलो.

तिच्यासमोर चार खडे मांडले होते. पाचवा तिच्या हातात.

"चाल," मी म्हनलो.

तिनं खडा वर फेकला.

माझी नजर त्याच्यावरच होती. करडी माती मागं गेली, चिपा गेल्या, खापरं, कोळसा. निळं फूल एकदा उन्हात चमकलं. खडा गवताच्या वर गेला.

खाली आला नाही.

दुलीचंदनं मशीन बंद केली होती. चेतना हात पसरून बसली होती. मीही बसलो. काऊन बसलो, मले नाही सांगता येत.

मंग तिच्या हातावर टप वाजलं.

पांढरी गारगोटी होती, घासून गोल केलेली. ओली. चेतनानं ते माझ्या हातात देली आनि माझी मूठ बंद केली.

"काका," ते म्हनली, चांगली साफ म्हनली, "तुझी बारी."

वर वयनी ओरडली. दादा रडून राहिला होता. मी पोट्टीले कडेवर घेऊन वर आनलं.

दुलीचंदनं साक्ष पाडली. ते एकाच धक्क्यात गेली. बुड तेवढं निघेना, म्हनून मी खोदाची लोखंडी सब्बल घेऊन उतरलो. करड्या मातीचं एक ढेकूळ फुटलं. आतून सुकं, कधी हवाही न लागलेलं. त्याच्या बाहेरच्या अंगाले त्या चार गारगोट्या होत्या, तीन रांगेत, चौथी जराशी दूर. आनि फुटल्या पोटात टाइलचा एक तुकडा. निळं फूल साफ दिसत होतं. फक्त कडा झिजल्या होत्या.

मी ते ढेकूळ सब्बलीनं चुरलं आनि ट्रॅक्टरमधी टाकलं. कोनाले सांगतलं नाही.

चेतना आता घरभर बोलते. वयनीसंग भांडते, दादाले चिडवते. वयनीनं देवाले नारळ फोडला. मले मात्र पोट्टी एकच गोष्ट इचारते, रोज, जेवाले बसलो का, हळूच.

"काका, फेकतोस का?"

मी फेकली नाही. गारगोटी माझ्या पँटच्या खिशात हाये. बाहेर वावराच्या धुरा उन्हानं भाजून राहिल्या, विहीर आटली, आनि माझा खिसा तेवढ्या जागी ओला राहते.