तीस कदमांवरून

माघातली कोरडी पहाट उजाडली, तेव्हा कांडणगडाच्या पश्चिम तटाखालचा उतार वाळल्या कुसळी गवताने पिवळाजर्द दिसत होता, आणि त्या गवतात, रात्रीतून कुणी काळा खडक आणून ठेवावा तशी, वेढा घालून बसलेल्या सुभेदाराची मोठी तोफ उभी होती. तटापासून तोफेपर्यंत तीनशे कदम. गडावरच्या बंदुका तिथवर पोहोचत नव्हत्या. हे मोजूनच मुरारसिंग गोलंदाजाने ती जागा निवडली होती. दारूचे गाडे दुपारी येणार होते. त्यानंतर गडाचा दरवाजा संध्याकाळ पाहणार नव्हता, आणि दरवाज्याआड सहाशे माणसे होती. त्यांतली दोनशे रुमलीच्या पाड्याची.

रुमली भिल्लीण वीस वर्षे गडाला शिकार पुरवत होती. किल्लेदार निंबाजीरावांनी तिला बुरुजावर बोलावले, तेव्हा त्यांच्याशेजारी त्यांचा मेहुणा, गडाचा सरनौबत जोत्याजी, उभा होता. त्याच्या हातात गडावरची एकुलती एक शिंगी कमान होती.

“रुमले,” निंबाजीराव म्हणाले, “त्या तोफेची नस ओळखणारा सुभेदाराकडे तो मुरारसिंग एकटाच. तो पडला, तर दुसरा बऱ्हाणपुराहून यायला महिना लागेल, आणि तोवर आपली कुमक पोहोचते. ही कमान तीनशे कदम तीर फेकते. तुझ्याइतका नेम गडावर कुणाचा नाही.”

रुमलीने कमान घेतली, दोरीचा चिल्ला चढवला आणि अर्धी ओढून पाहिली. आतून एक बारीक, ओलसर आवाज आला. शिंग आणि लाकूड जिथे सरसाने जोडले होते, तिथे तिने अंगठा दाबला. सरस मऊ पडला होता.

“सरकार, ही कमान पाण्यात होती.”

जोत्याजी हसला. “माघात? इथे माणसांना प्यायला नाही, आणि कमानीला कोण पाणी पाजतंय? भ्यायलीस म्हण की!”

“माघ आहे म्हणूनच म्हणते. पावसाळ्यात सरस सुटला तर हवेचा दोष. या दिवसांत सुटला तर माणसाचा.” तिने कमान खाली ठेवली. “हत्यारांच्या कोठीची किल्ली कुणाकडे असते, सरकार?”

किल्ली जोत्याजीच्या कमरेलाच लटकत होती. बुरुजावरच्या सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

“दाजी, ही रानातली बाई मला चोर ठरवते, आणि तुम्ही ऐकून घेता?” जोत्याजीचा आवाज चढला. “काय ठरलं होतं आपलं? एक तीर मारून बघायचा, नाही लागला तर मुकाट गड देण्याची बोलणी लावायची. मारू द्या तिला, काय होईल ते होईल!”

“कमान धड असती तरी इथून मारला नसता,” रुमली म्हणाली. “तीर तिथवर जाईस्तोवर माणूस दोन पावलं बाजूला होतो. ज्याच्यामागे धावता येत नाही त्याच्यावर आम्ही तीर सोडत नाही. जखमी सावज सोडून येणारा आमच्यात पंगतीला बसत नाही. माझा पल्ला तीस कदमांचा. मी खाली जाते.”

“आणि तिकडचीच झालीस म्हणजे?” जोत्याजी म्हणाला.

“माझी दोनशे माणसं वर ठेवून जातेय, राव. तुम्ही काय ठेवलंय?”

निंबाजीरावांनी मेहुण्याकडे पाहिले, मग मऊ पडलेल्या कमानीकडे. “जा,” ते म्हणाले. “आणि जोत्याजी, तुम्ही इथेच थांबा. माझ्याजवळ.”

रुमलीने आपला बांबूचा कामठा घेतला. सांबरासाठीचे रुंद पात्यांचे तीर तिने भात्यातून काढून ठेवले. मुरारसिंगच्या अंगात कापूस ठासलेली बंडी होती आणि रुंद पाते कापसात अडकते. दाभणासारख्या टोकाचे, जड दांडीचे दोनच तीर तिने निवडले. हलका तीर लांब जातो, जड तीर खोल जातो, आणि तिला लांब मारायचेच नव्हते.

शिकार वर आणायच्या घळीतून ती उतरली आणि गवतात शिरली. वाळले गवत बोलते. म्हणून वारा सुटला की ती सरके, वारा पडला की पालथी पडून राही. शंभर कदम. साठ. ऊन चढले. चाळीस कदमांच्या आत आली, तेव्हा तोफेच्या चाकाआड मुरारसिंगचा फक्त खांदा दिसत होता. दोन पहारेकरी सावलीत पेंगत होते.

एवढ्यात गडावर शिंग वाजले. एकदा, दोनदा, घाईघाईने. रुमलीच्या ध्यानात आले: ही इशारत गडासाठी नाही, खालच्यांसाठी आहे. पहारेकरी धडपडून उठले. कोण वाजवतेय, काय झाले, हे पाहायला मुरारसिंगही उभा राहिला आणि उन्हाआड हात धरून गडाकडे बघू लागला. हात वर गेला तशी बंडीची काखेजवळची फट उघडी पडली.

अडतीस कदम. दुसऱ्या कुणी तिथूनच मारला असता.

रुमली उभी राहिली. सगळे गडाकडे बघत होते, आणि ती उघड्या उन्हात, ताठ मानेने, आठ पावले पुढे चालत गेली. वारा पडेपर्यंत थांबली. मग तीर सोडला.

मुरारसिंग चाकावर कोसळला. पहारेकऱ्याची बंदूक कडाडली आणि तिच्या दंडाचे मांस घेऊन गोळी गेली. तरी तिने दुसरा तीर चढवला आणि खाली पडलेला माणूस हलत नाही याची खात्री होईतो जागची हलली नाही. मगच ती धावली.

दारूचे गाडे आले, तोफ मुकीच राहिली. तेविसाव्या दिवशी कुमक पोहोचली आणि वेढा उठला. शिंग फुंकणाऱ्याच्या हातून शिंग हिसकावून इशारत देणाऱ्या जोत्याजीला निंबाजीरावांनी त्याच क्षणी, स्वतःच्या हाताने, धरले होते. वेढा उठताच त्याला बेड्या घालून राजधानीकडे रवाना केले.

त्याच्याबरोबर जायचे पत्र सदरेवर वाचले गेले. ‘रुमली भिल्लीण इने बुरुजावरून तीनशे कदमांवर तीर मारून गोलंदाज पाडिला.’

“हे खोटं आहे,” दारातून रुमली म्हणाली. तिचा दंड अजून बांधलेला होता. “तीस लिहा.”

चिटणीस हसले. “अगं बाई, तीनशेने तुझीच कीर्ती होते. शत्रूलाही धाक बसतो.”

“उद्या दुसऱ्या गडावरचा कुणी हे खरं धरेल. तटावर उभा राहून तीनशेवर तीर सोडेल, आणि चुकेल. त्याच्या दरवाज्यामागच्या माणसांचं काय?”

रुमली दारातून हलली नाही.

“पंत,” निंबाजीराव म्हणाले, “नवा कागद घ्या.”