सुदेशची बाजू

रक्षिताचं जोयड्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अणशीहून वासूचा फोन आला तेव्हा तिला फारसं नवल वाटलं नाही. मागच्या आठवड्यात तिनंच त्याच्या होमस्टेच्या कॉम्प्युटरवरची दुसरी सिस्टिम, लिनक्स, काढून टाकली होती. ती वासूच्या धाकट्या भावाची, सुदेशची. डिस्क भरत आल्यामुळं जागा करायची होती. आता मशीन सुरूच होत नव्हतं. होतं असं कधी कधी. चालू होताना मशीन आधी लिनक्सला शोधतं, आणि ते तर पुसलेलं.

सकाळच्या बसनं ती अणशीला उतरली. वासू वाटच बघत होता.

"सुदेश घरात न्हाई?" पेनड्राइव्ह लावता लावता तिनं विचारलं.

"कोण सुदेश?"

ती हसली. वासू हसला नाही.

"तुमचा भाऊ, अण्णा. त्या दिवशी इथंच बसला होता की माझ्याजवळ. सरबत त्यानंच आणून दिलं."

"सरबत अव्वानं दिलं. मला भाऊ न्हाई, अक्का. मी एकटाच हाय."

भांडण झालं असेल, रक्षिताला वाटलं. वाटणीवरून बोलणं बंद होतं, नाव टाकतात. तिनं सहज शेजारच्या खोलीत डोकावलं. मागच्या आठवड्यात तिथं सुदेशची खाट होती. आता छतापर्यंत भाताची पोती होती. पोत्यांवर धुळीचा थर, आणि दोन पोत्यांमध्ये कोळ्याचं जुनं, काळं पडलेलं जाळं.

ती परत येऊन मशीनसमोर बसली.

दुरुस्ती सोपी होती. तिनं विंडोज सुरू करणारा भाग नव्यानं लिहिला आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. वर विंडोज. खाली, त्या पुसलेल्या लिनक्सला सुदेशनं स्वतः दिलेलं नाव: सुदेश.

काही निवडलं नाही, तर थोड्या वेळानं विंडोज आपोआप सुरू व्हायला हवं. सेकंदांचे आकडे उलटे उतरत गेले आणि मध्येच थांबले. कुणी कळ दाबल्याशिवाय ते थांबत नाहीत.

रक्षितानं कीबोर्डची वायर काढली. मशीन पुन्हा चालू केलं.

आकडे पुन्हा थांबले. निवडीची पट्टी खालच्या ओळीवर सरकली.

वासूची आई, फुला, दारात येऊन उभी होती.

"अव्वा, तुमाला मुलं किती?"

"एकच," म्हणत तिनं शेजारच्या खोलीकडं पाहिलं.

"ती खालची ओळ काढा, अक्का," वासू म्हणाला. "दुपारच्या आत बुकिंग बघायचं हाय."

रक्षितानं वायर परत जोडली आणि ओळ पुसायची आज्ञा टाइप केली. बोट एंटरवर येऊन अडलं.

नुसती ओळ आहे, तिनं स्वतःला समजावलं.

दाबलं.

विंडोज सुरू झालं. वासूनं सुटकेचा श्वास टाकला आणि खुर्ची ओढून बसला.

ती पिशवी भरत असताना फुला जवळ आली. "बाय, मघाशी तू कुणाचं नाव घेत होतीस?"

रक्षितानं खरंच आठवून पाहिलं.

"मी? न्हाई, अव्वा. कुणाचंच न्हाई."

फुला तिच्याबरोबर अंगणात आली. दोरीवर एक पिवळा शर्ट वाळत होता, वासूला आखूड पडेल असा. फुलानं त्याची बाही हातात धरली.

"ह्यो कुणाचा गे?"

"पाव्हण्यांचा ऱ्हायला असंल."

"पाव्हणं आठवडाभर आलं न्हाईत," फुला म्हणाली.

शर्टातून अजून पाणी ठिबकत होतं.