छाटणीच्या दुसऱ्या दिवशी

"शुक्रवारी माझ्या आईच्या पाटल्यांचा लिलाव आहे," असं म्हणून उज्वलाने एक फोटो टेबलावर ठेवला.

संध्या देवरे यांनी चष्मा पुसला. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या कचेरीत लोक बहुधा हरवलेल्या माणसांचा शोध घ्यायला येत.

फेब्रुवारीत उज्वलाने त्या पाटल्या पतसंस्थेत गहाण टाकून नवऱ्याला, रविराजला, चार लाख दिले होते. त्याच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेसाठी. जूनमध्ये दोघं वेगळी झाली. पैसे घेतल्याचं रविराज नाकारत नव्हता. तो म्हणत होता, पाच ऑक्टोबरला बागेतच रोख परत केले. पुरावा म्हणून हा फोटो.

फोटो चारी बाजूंनी कापलेला होता. दोघंच, कमरेपर्यंत. मध्ये एक कापडी पिशवी, तिला दोघांचेही हात. उज्वला हसत होती. तिच्या गालावर, पिवळ्या साडीवर उन्हाचे कवडसे पडले होते.

"त्या दिवशी तुम्ही बागेत गेला होता?"

"गेले होते, पैसे मागायला. रिकाम्या हाताने परत आले."

"मग हा फोटो?"

"संसार होता तेव्हा मजुरीची पिशवी दर आठवड्याला अशीच हातात घ्यायचो-द्यायचो. कधीचा, काय सांगू?"

तासाभराने तिघं दिंडोरीच्या वाटेवर होती. गाडी कारभारी चालवत होते. एसटीतून निवृत्त झालेले, संध्याताईंचे जुने सोबती.

"पूर्वी इथे सगळी बाजरी होती," ते म्हणाले. मग हळूच, "ताई, फोटो आहे म्हणजे बाई विसरली असेल."

"बाई चार लाख विसरत नाही, कारभारी."

बागेपाशी उज्वला गाडीतून उतरली नाही.

डिसेंबर होता. वेली मांडवावर दाटल्या होत्या. "काय गार वाटतंय," म्हणत कारभारी आत शिरले. त्यांचा पांढरा सदरा उन्हाच्या ठिपक्यांनी भरून गेला. संध्याताई त्या सदऱ्याकडे बघत राहिल्या.

"वकील कमी पडला का, आता डिटेक्टिव्ह लावले तिने?" रविराज समोर आला.

"पैसे नक्की कधी दिलेत?"

"पाच ऑक्टोबर. आदल्या दिवशी छाटणी झाली, दुसऱ्या दिवशी ही आली. मजुरांना विचारा. इथेच, वेलींमध्ये उभं राहून दिले. फोटो गोरक्षने काढला."

गोरक्ष त्याचा धाकटा भाऊ. तो मान खाली घालून उभा होता.

"मूळ फोटो दाखवता?"

"मोबाइल बदलला. जुन्यात राहिला तो." रविराजच्या हातातल्या मोबाइलचे कोपरे झिजले होते, काचेला तडा होता.

मजुरांची मुकादम भागीबाई पेठकडची. ती म्हणाली, "आली व्हती ना वहिनी. आम्ही छाटल्या काड्यांना फुटीची पेस्ट लावीत व्हतो. लय ऊन. बसाया सावली नाय, मंग ट्रॅक्टरच्या आडोशाला बसविली तिला. पैशाचं मला ठावं नाय."

"झालं," कारभारी पुटपुटले. "आली होती, हे तर खरंच निघालं."

"म्हणूनच तर तो दिवस निवडला," संध्याताई म्हणाल्या. "उज्वलाला बोलवा."

उज्वला आली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"रविराज, तुम्ही हुशार बागाईतदार. फोटोतल्या वेली कापल्या, पानं कापली, घड कापले. छाटणीनंतर बागेत नुसत्या काड्या उरतात, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत? भागीबाईला त्या दिवशी सावलीसाठी ट्रॅक्टर शोधावा लागला. मग उज्वलाच्या साडीवर हे कवडसे कुठून आले? आत्ता कारभारींच्या सदऱ्यावर आहेत, तसेच आहेत. डोक्यावर पानं असल्याशिवाय ते पडत नाहीत. पानं कापलीत, त्यांची सावली राहिली."

रविराजने मोबाइल पाठीमागे नेला.

"फोटो कुठल्या दिवसाचा, ते गोरक्ष सांगेल. तुमच्या हातातल्या त्या मोबाइलला दोन-तीन वर्षं तरी झाली आहेत. ऑक्टोबरनंतर घेतलेला नाही तो."

गोरक्षने भावाकडे पाहिलं. "दादा, तिच्या आईची वस्तू हाय ती. पुरे आता."

त्याने भावाच्या हातून मोबाइल घेऊन अख्खा फोटो उघडला. तारीख अकरा फेब्रुवारी. दोघांच्या डोक्यावर गर्द पानं, आणि उन्हाने डागू नयेत म्हणून कागदात गुंडाळलेले घड. ते काढणीच्या तोंडावरचे दिवस.

"मी पैसे दिले, तो दिवस," उज्वला म्हणाली.

रविराज मांडवाच्या खांबाला टेकला. "बाग जगवली त्या पैशाने. तू तर गेलीसच; पैसेही परत केले असते तर तुझं इथलं काहीच उरलं नसतं." मग खांब सोडून म्हणाला, "गुरुवारी पतसंस्थेत भरतो."

"मी बरोबर जातो, वहिनी," गोरक्ष म्हणाला. "भरून घेतो."

परतताना गाडी म्हसरूळपर्यंत आली.

"एक कळलं नाही," कारभारी म्हणाले. "पिशवी हातात असलेले एवढे फोटो असतील. यानं नेमका तोच का घेतला?"

उज्वला खिडकीबाहेर बघत होती.

"त्यात मी हसतेय," ती म्हणाली. "पैसे परत मिळाल्यावर हसेन, असं वाटलं असेल त्याला."